काळोख आणि काळी शाई : न्वार चित्रपट व कॉमिक्स यांच्या संकराविषयी

'फिल्म न्वार' आणि कॉमिक्स या दोन प्रकारांच्या संकरातून निर्माण झालेले चित्रपट हा गेल्या साडेतीन दशकांतील अमेरिकन चित्रपटाचा एक ठळक प्रवाह आहे. टिम बर्टनचा 'बॅटमॅन' (१९८९), वॉरन बेटीचा 'डिक ट्रेसी' (१९९०), अलेक्स प्रोयासचा 'द क्रो' (१९९४), रॉबर्ट रॉड्रिग्ज व फ्रँक मिलर यांचा 'सिन सिटी' (२००५), मॅट रीव्ह्जचा 'द बॅटमॅन' (२०२२) अशी त्याची काही उदाहरणे सहज देता येतील. या चित्रपटांची चर्चा बहुधा एकाच निकषापाशी येऊन थांबते. पडद्यावरची चौकट कॉमिक्सच्या पानावरील चौकटीशी किती जुळते, आणि तिच्यात सावली, पाऊस, ओला रस्ता, सिगारेटचा धूर ही न्वारची परिचित सामग्री कितपत आहे, हे पाहिले की संकर साधला असे मानले जाते. माध्यमांतराच्या विचारात केव्हाच अपुरा ठरलेला 'मूळ संहितेशी निष्ठा' हा निकष येथे दृश्यसाम्याच्या वेषात परत आलेला दिसतो. या निकषाने पाहिले तर 'सिन सिटी' हा या संकराचा परमोच्च बिंदू ठरतो, आणि तसे वारंवार म्हटलेही गेले आहे. हे मत तपासून पाहण्याची गरज आहे. न्वार आणि कॉमिक्स यांचा मेळ दृश्याच्या पातळीवर फार सहज बसतो. तो अवघड होतो तो काळ, अपराध आणि मृत्यू यांच्या पातळीवर.

दृश्याचा मेळ सहज बसतो याचे कारण दोन्ही प्रकारांच्या जन्मकथेत आहे. दोघेही स्वस्त कागदावरच्या गुन्हेकथांच्या घरात वाढले. चेस्टर गूल्डची 'डिक ट्रेसी' ही चित्रमालिका १९३१ मध्ये वृत्तपत्रातून सुरू झाली. 'द माल्टीज फाल्कन'चा कर्ता डॅशिएल हॅमेट याने १९३४ मध्ये 'सीक्रेट एजंट एक्स-९' या मालिकेचे लेखन केले आणि अलेक्स रेमंडने तिची चित्रे काढली. म्हणजे ज्या लेखणीतून न्वारची एक आधारभूत कादंबरी उतरली तीच लेखणी चित्रमालिकेसाठीही राबत होती. बॅटमॅन १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या नावाच्या मासिकातच अवतरला. बॅटमॅनच्या प्रतिस्पर्ध्याचे, जोकरचे, गोठलेले हास्य कॉनराड फाइट या जर्मन नटाच्या 'द मॅन हू लाफ्स' (१९२८) या मूकपटातील मुद्रेवरून घेतलेले आहे, आणि हाच फाइट त्याआधी 'डॉ. कॅलिगारी'मध्ये (१९२०) झोपेत चालणाऱ्या खुन्याची भूमिका करून गेला होता. जर्मन अभिव्यक्तिवादाचा जो वारसा फ्रित्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक या निर्वासित दिग्दर्शकांबरोबर हॉलिवूडमध्ये आला, त्याचाच एक धागा फाइटच्या चेहऱ्यातून कॉमिक्सच्या पानावर पोहोचला, असे म्हणता येईल.

या उपेक्षित चित्रपटांना नाव मिळाले ते मात्र परदेशात. महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये न पोहोचलेले अमेरिकन चित्रपट १९४६ मध्ये एकदम तेथे प्रदर्शित झाले आणि निनो फ्रँक या समीक्षकाने त्यांच्यातील एका गटाला 'न्वार', म्हणजे काळा, हे विशेषण लावले. गालिमार या प्रकाशनसंस्थेने आदल्याच वर्षी गुन्हेकथांची 'सेरी न्वार' ही ग्रंथमाला सुरू केली होती. नावाची पार्श्वभूमी तयार होतीच. बोर्द आणि शोमेतों यांचा या विषयावरील पहिला ग्रंथ १९५५ चा. करमणुकीच्या बाजारात तयार झालेल्या मालाला एखादी समीक्षापरंपरा नाव देते आणि त्यामुळे तो एक वाङ्मयीन वस्तू म्हणून दिसू लागतो, याचे हे उत्तम उदाहरण होय. (बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांना, त्यांच्या झुंजारला आणि काळ्या पहाडाला, असा निनो फ्रँक लाभला नाही. परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

वंश एक असला तरी दोघांचा काळा रंग मात्र एक नव्हे. न्वार चित्रपटातील काळोख हा प्रकाश काढून घेतल्यामुळे उरलेला असतो. 'डबल इन्डेम्निटी'त (१९४४) छायालेखक जॉन साइट्झने बंद दिवाणखान्यात खिडकीच्या पट्ट्यांमधून येणारे ऊन आणि त्यात तरंगणारी धूळ टिपली आहे. त्या खोलीचे कोपरे अंधारात आहेत. पण तेथे काहीतरी आहे आणि ते दिसत नाही, ही जाणीव प्रेक्षकाला सतत असते. जॉन ऑल्टनने 'द बिग कॉम्बो'च्या (१९५५) शेवटी धुक्याने भरलेल्या विमानाच्या हँगरमध्ये माणसांच्या केवळ आकृती ठेवल्या, तेव्हाही त्या आकृतींना चेहरे होते, ते फक्त कळत नव्हते. म्हणून न्वारमधील काळोख हा ज्ञानाच्या मर्यादेचा संकेत आहे. नायकाला स्त्रीचे मन कळत नाही, शहर कळत नाही, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे मनही कळत नाही.

कॉमिक्समधील काळा रंग ही शाई असते. ती पांढऱ्या कागदावर घातलेली असते, तिला निश्चित कडा असतात, आणि तिच्या मागे काहीही लपलेले नसते. फ्रँक मिलरच्या 'सिन सिटी' या मालिकेतील (प्रारंभ १९९१) पावसाची पाने प्रसिद्ध आहेत. संपूर्ण काळ्या पानावर पांढऱ्या फटकाऱ्यांचा पाऊस, आणि त्यातून कोरून काढल्यासारखा मार्व्ह या धिप्पाड गुन्हेगाराचा देह. रेखाटन म्हणून ही पाने असामान्य आहेत. त्यांतील काळेपणा मात्र काही दडवत नाही, तो ठामपणे सांगतो. मिलरने न्वारच्या संशयाचे रूपांतर निर्धारात केले, आणि कागदावर त्याला तसे करण्याचा पूर्ण अधिकार होता. शिवाय कागदावर दोन चौकटींमध्ये एक कोरी पट्टी असते. स्कॉट मॅक्लाउड याने 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये (१९९३) दाखविल्याप्रमाणे कॉमिक्सची बरीचशी क्रिया त्या कोऱ्या पट्टीत, वाचकाच्या मनात, घडते. चौकटीत जो संशय उरला नाही तो वाचक या पट्टीत थोडाफार भरून घेऊ शकतो.

दुसरा भेद काळाचा आहे आणि तो अधिक खोल आहे. न्वारचा काळ भूतकाळ होय. 'डबल इन्डेम्निटी'चा नायक गोळी लागलेल्या अवस्थेत कार्यालयातील ध्वनिलेखन यंत्रासमोर बसून आपला गुन्हा सांगतो. 'सन्सेट बुलेव्हार्ड'चा (१९५०) निवेदक तर पोहण्याच्या तलावात तरंगणारे प्रेत आहे. जे व्हायचे ते होऊन गेलेले आहे. उरला आहे तो कबुलीजबाब. कॉमिक्सचा काळ 'क्रमशः' असतो. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात नायक परत यायलाच हवा. त्यामुळे त्याच्या देहावरची जखम भरून येते, प्रेयसीचा मृत्यू एका अंकापुरता असतो आणि अपराधाची बोच पुढच्या साहसाच्या आड येत नाही. ली फॉकच्या 'फँटम'ने (१९३६) या पेचावर एक चतुर तोडगा काढला होता. 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे १९६४ नंतर मराठी वाचकाला 'वेताळ' म्हणून परिचित झालेला हा नायक जगाला अमर वाटतो. वाचकाला मात्र ठाऊक असते की बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि सध्याचा वेताळ एकविसावा आहे. मालिका अमर, माणूस मर्त्य. परंतु असा तोडगा क्वचितच निघतो. सामान्यतः न्वारचा भूतकाळ आणि कॉमिक्सचा 'क्रमशः' एकाच चित्रपटात आले की त्यांपैकी एकाला माघार घ्यावी लागते, आणि कोणी माघार घेतली हे पाहणे म्हणजेच त्या चित्रपटाची समीक्षा करणे होय.

'सिन सिटी'कडे या दृष्टीने पाहावे. रॉड्रिग्जने मिलरला सहदिग्दर्शकाचे श्रेय मिळावे म्हणून दिग्दर्शकांच्या संघटनेचा राजीनामा दिला, यावरून मूळ पानांविषयी त्याची श्रद्धा किती होती हे कळते. नट हिरव्या पडद्यासमोर उभे केले, शहर संगणकावर रचले, चौकटीमागून चौकट पानावरून पडद्यावर नेली. कृष्णधवल चित्रात मध्येच लाल पोशाख, पिवळी कातडी, मार्व्हच्या चेहऱ्यावर पांढऱ्या चकाकत्या पट्ट्या. तांत्रिक सिद्धी निर्विवाद आहे आणि २००५ च्या कान महोत्सवात तिचा गौरवही झाला. परंतु या निष्ठेमुळेच दोन गोष्टी घडल्या. एक, छायाचित्रित देहाभोवती शाईचा काळा रंग आला आणि कॅमेऱ्याच्या अंधाराला असलेली खोली नाहीशी झाली. नट अंधारात उभे आहेत असे वाटतच नाही. ते काळ्या कागदावर चिकटविलेले वाटतात. दुसरे, कोरी पट्टी गेली. कागदावर वाचक आपल्या गतीने मथळे वाचतो, थांबतो, मागे जातो. पडद्यावर तेच मथळे निवेदनाच्या स्वरूपात अखंड कानावर आदळतात आणि नायकाच्या स्वतःविषयीच्या मताखेरीज दुसरे मत प्रेक्षकाला बनविताच येत नाही. न्वारमधील निवेदनाला नेहमी एक फट असते. निवेदक जे सांगतो आणि कॅमेरा जे दाखवितो त्यांत अंतर असते. 'सिन सिटी'त ही फट बुजली आहे.

तरीही चित्रपटाचा मार्व्हविषयीचा भाग उरलेल्या भागांहून श्रेष्ठ आहे, आणि त्याचे कारण तेथे न्वारचा एक अंश शिल्लक राहिला आहे. ज्या स्त्रीने एका रात्रीपुरती माया दिली तिच्या खुनाचा सूड मार्व्ह घेत आहे. परंतु त्याच्या डोक्यात बिघाड आहे, त्याला गोळ्या घ्याव्या लागतात, आणि हे सारे कारस्थान आपणच कल्पिले तर नसेल ना, ही भीती त्याला मधेच ग्रासते. मिकी रूर्कने ती काही क्षणच दाखविली आहे, पण त्या क्षणांत चित्रपट एकदम जिवंत होतो. निरपराध माणसांना मारले असेल तर? हा प्रश्न न्वारचा आहे. दुर्दैवाने संहिता त्याला लगेच निकालात काढते: मार्व्हचे बरोबरच होते, कारस्थान खरेच होते, आणि ज्यांना त्याने हालहाल करून मारले ते त्याच लायकीचे होते. शेवटी वीजखुर्चीत पहिल्या धक्क्याने तो मरत नाही आणि मारेकऱ्यांना टोमणा मारतो. मृत्यू येतो, पण तोही नायकाच्या ताकदीचे आणखी एक प्रमाणपत्र होऊन. तुरुंगात आठ वर्षे काढलेला वृद्ध पोलीस हार्टिगन एका तरुणीच्या रक्षणासाठी स्वतःवर गोळी झाडतो. तेथे तरी हृदयविकाराने खंगलेला देह आहे, वय आहे. परंतु ज्या मुलीला त्याने लहानपणी वाचविले तीच मोठी होऊन त्याच्यापाशी प्रेम मागते, ही योजना न्वारमधील धोकादायक स्त्रीच्या जागी पुरुषाच्या पुण्याईचे बक्षीस ठेवते. न्वारमधील स्त्री पुरुषाला फसवीत असे हे खरे, पण ती त्याच्याहून अधिक बुद्धिमान असे. 'सिन सिटी'तील स्त्रिया शस्त्रे चालवितात, वेश्यावस्तीचे राज्य करतात, आणि तरीही त्यांच्या मनात काय आहे हा प्रश्न चित्रपटाला एकदाही पडत नाही.

मिलरने एकट्याने दिग्दर्शित केलेल्या 'द स्पिरिट'मध्ये (२००८) हा दोष उघडाच पडला. तो चित्रपट वाईट आहे याबद्दल फारसे दुमत नाही. पण का वाईट आहे ते पाहणे उद्बोधक आहे. विल आयस्नरची 'द स्पिरिट' ही मालिका १९४० ते १९५२ या काळात रविवारच्या वृत्तपत्राची पुरवणी म्हणून निघत असे. साधारण सात पानांची एक कथा. नायकाजवळ कोणतीही अद्भुत शक्ती नाही, डोळ्यांवर एक छोटा मुखवटा तेवढा. तो मार खातो, फसतो, आणि कित्येक कथांत कोपऱ्यात उभा राहून दुसऱ्याच कोणा सामान्य माणसाची कहाणी घडू देतो. १९४८ मधील गेऱ्हार्ट श्नोबलची कथा या दृष्टीने विलक्षण आहे. श्नोबल हा एक नगण्य नोकर. आपल्याला उडता येते हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, पण त्याने ते दडपून टाकले आहे. नोकरी गेल्यावर जगाला आपली शक्ती दाखवावी म्हणून तो उंच इमारतीवरून झेप घेतो आणि खरोखर उडतो. त्याच वेळी गच्चीवर स्पिरिट आणि गुंड यांची झटापट चालू आहे. त्यातली एक चुकार गोळी श्नोबलला लागते आणि तो मरून पडतो. तो उडत होता हे कोणी पाहिलेलेच नसते. कॉमिक्सचा सर्वांत प्रिय संकेत, म्हणजे मनुष्याचे उड्डाण, आणि न्वारचा सर्वांत कठोर संकेत, म्हणजे निरर्थक मृत्यू, या सात पानांत एकमेकांसमोर उभे केले आहेत आणि कोणीही माघार घेतलेली नाही. या संकराचा आदर्श शोधायचाच असेल तर तो कोणत्याही चित्रपटापेक्षा येथे सापडेल.

मिलरच्या चित्रपटाने याच नायकाला एका रसायनाच्या प्रभावाने न मरणारा, जखमा आपोआप भरणारा केला. आयस्नरने खलनायक ऑक्टोपस याचा चेहरा कधीच दाखविला नव्हता. वाचकाला दिसत असत ते फक्त त्याचे हातमोजे. चित्रपटात सॅम्युएल जॅक्सनचा ऑक्टोपस वेश बदलून बदलून भरपूर उजेडात वावरतो. मूळ कॉमिक्सच न्वारच्या अधिक जवळ होते आणि त्यावर न्वारचा रंग चढविणाऱ्या चित्रपटाने ते घालविले, असा हा उलटा व्यवहार आहे.

याच्या विरुद्ध टोकाला ब्रूस टिम व एरिक रॅडॉम्स्की यांचा 'बॅटमॅन : मास्क ऑफ द फँटॅझम' (१९९३) हा रेखापट ठेवावा लागेल. मुलांचा चित्रपट समजून तो प्रदर्शनाच्या वेळी दुर्लक्षिला गेला. ज्या दूरचित्रवाणी मालिकेतून तो निघाला, तिची पार्श्वचित्रे रॅडॉम्स्कीच्या आग्रहावरून पांढऱ्याऐवजी काळ्या कागदावर रंगविली जात. ही बाब केवळ तांत्रिक नाही. पांढऱ्या कागदावर काळोख काढावा लागतो. काळ्या कागदावर काळोख आधीपासूनच असतो आणि चित्रकार त्यात प्रकाश शोधतो. न्वारच्या छायालेखकाची रीत हीच आहे. कथेचा घाटही तसाच, भूतकाळात पुन्हा पुन्हा उतरणारा. तरुण ब्रूस वेन आईवडिलांच्या थडग्यापाशी पावसात उभा राहून त्यांच्याकडे प्रतिज्ञेतून सुटका मागतो, कारण एका मुलीच्या प्रेमामुळे तो सुखी झाला आहे आणि सुख हे त्याच्या हिशेबात नव्हते. ती मुलगी, अँड्रिया, निघून जाते. त्यानंतरच तो मुखवटा चढवितो. दहा वर्षांनी ती परत येते तेव्हा तिच्याही चेहऱ्यावर एक मुखवटा आहे. स्त्रीच्या मनातला भूतकाळ येथे नायकाच्या भूतकाळाइतकाच वजनदार आहे. आणि 'क्रमशः' हा कॉमिक्सचा आनंददायी संकेत येथे शिक्षेचे रूप घेतो: बॅटमॅन पुढच्या अंकात परत येणार, कारण त्याला दुसरे आयुष्य उरलेलेच नाही. मालिकेच्या सक्तीला नियतीचा अर्थ देणे, हा न्वार व कॉमिक्स यांच्यातील पेच सोडविण्याचा एक खरा मार्ग होय.

सॅम मेंडिसच्या 'रोड टु पर्डिशन'ने (२००२) दुसरा मार्ग घेतला. मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्सने लिहिलेल्या आणि रिचर्ड पियर्स रेनरने चितारलेल्या चित्रकादंबरीपासून (१९९८) तो मुक्तपणे दूर जातो; प्रेतांची छायाचित्रे काढणारा मारेकरी मग्वायर तर चित्रपटाने नव्यानेच निर्माण केला आहे. काटेकोर वर्गीकरण करणारे त्याला गुंडपट म्हणतील, आणि ते चुकीचे नाही. पण कॉनराड हॉलच्या छायालेखनातील पावसातील हत्याकांड पाहावे. बंदुकांच्या ज्वाळा दिसतात, आवाज नाही, माणसे कोसळतात, मारणारा अंधारात आहे, आणि ज्याला मारायचे तो वृद्ध पाठ फिरवून त्याची वाट पाहत उभा आहे, कारण मारणारा कोण हे त्याला ठाऊक आहे. पुत्रासारख्या माणसाच्या हातून येणारा हा मृत्यू टोमण्याने हलका होत नाही. या चित्रपटात मूळ पानासारखी चौकट शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागणार नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. 'सिन सिटी'सारखे चित्रपट न्वारचे अनुसरण करीतच नाहीत, ते त्याच्या संकेतांशी उघड खेळतात. त्यांच्याकडून अपराधाच्या खोलीची अपेक्षा करणे म्हणजे विडंबनाकडे शोकांतिका मागणे होय. आक्षेपात तथ्य आहे, परंतु खेळ खेळ म्हणून ओळखू यावा लागतो. 'स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) या रेखापटात न्वार जगातून आलेला एक कृष्णधवल स्पायडर-मॅन आहे. त्याच्या जगात रंगच नसल्याने साधा रुबिक क्यूब पाहूनही तो चकित होतो. येथे संकेत विनोद म्हणून आला आहे आणि प्रेक्षक हसतो. 'सिन सिटी'तील हालहाल करून मारण्याची दृश्ये पाहून कोणी हसावे अशी तिच्या कर्त्यांची अपेक्षा असली, तरी सूड घेणाऱ्या नायकाच्या पराक्रमाने प्रेक्षकाने भारून जावे अशीही ती आहे. दोन्ही एकाच वेळी मागता येत नाहीत. नुसते रंग काढून घेतल्यानेही न्वार होत नाही. 'लोगन' (२०१७) या चित्रपटाची कृष्णधवल आवृत्ती 'लोगन न्वार' या नावाने त्याच वर्षी निघाली. पण त्या चित्रपटाचे सामर्थ्य नायकाच्या भरून न येणाऱ्या जखमांत आहे आणि ते रंगीत आवृत्तीतही तेवढेच होते. उलट क्रिस्टोफर नोलनच्या 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) कितीतरी प्रसंग भर दिवसा घडतात. तरी त्याचा शेवट, म्हणजे शहराच्या भल्यासाठी एक असत्य रचून दुसऱ्याचे खून नायकाने स्वतःच्या शिरावर घेणे, न्वारला शोभणारा आहे.

मॅट रीव्ह्जच्या 'द बॅटमॅन'मध्ये (२०२२) दृश्याचे सगळे अलंकार आहेत. पाऊस तर जरा अतीच आहे. परंतु त्याची गाभ्याची कल्पना 'चायनाटाउन'च्या (१९७४) कुळातली आहे. शहरातील भ्रष्टाचाराचा शोध घेणारा गुप्तहेर आपल्याच घराण्याच्या पापापर्यंत येऊन पोहोचतो. आरंभी बॅटमॅन स्वतःची ओळख 'सूड' अशी करून देतो, आणि प्रेक्षकाला ते आवडते. शेवटी रिडलरच्या एका अनुयायाचा मुखवटा काढला जातो, त्याला तू कोण असे विचारले जाते, आणि तो तोच शब्द उच्चारतो. रॉबर्ट पॅटिन्सनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसते ते मार्व्हच्या गोळ्यांच्या प्रसंगात मिकी रूर्कच्या चेहऱ्यावर ओझरते दिसले होते. फरक असा की येथे संहिता त्याला निर्दोष ठरवायला धावून येत नाही. ग्रेग फ्रेझरने पुढचा प्रसंग जवळजवळ संपूर्ण अंधारात घेतला आहे. पुराच्या पाण्यात उतरलेला बॅटमॅन हातात लाल मशाल पेटवितो आणि अडकलेल्या माणसांना तिच्या उजेडात वाट दाखवितो. ती माणसे आधी त्याच्याकडे भीतीने पाहतात. त्यानंतर अर्थात कारागृहातील एक दृश्य येते आणि शेजारच्या कोठडीतला कैदी रिडलरच्या सुरात सूर मिसळून हसतो. 'क्रमशः'चा हक्क मालिका सोडत नाही. मात्र त्या कैद्याचा चेहरा कोठडीच्या झरोक्यातून पुरता दिसत नाही.